नववीचा फोटो

दहावीचा फोटो सगळ्याच शाळा काढतात. आमच्या बोरखिंडीच्या हायस्कूलमध्ये नववीचा निघायचा. चैत्रात, गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेआठला, प्रयोगशाळेच्या तीन पायऱ्यांवर. विट्याहून फोटोग्राफर यायचा. ऊन समोरून असायचं, त्यामुळे प्रत्येक फोटोत आम्ही सगळे कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखे दिसतो. हा रिवाज होवाळ मॅडमनी पाडला होता.

खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या भागातली गावंच्या गावं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं, मिसळीचं सोनं आणि चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची, हे गलाईचं काम. त्यासाठी आमची माणसं कानपूर, कोइमतूर, गुवाहाटी अशा कुठल्या कुठल्या शहरांत, सराफांच्या बोळात एक खोली आणि एक भट्टी घेऊन राहतात. वर्षातून एकदा, जत्रेला, सगळे गावी येतात. तीन-चार दिवस गल्लीत तमिळनाडूच्या आणि उत्तर प्रदेशच्या नंबरांच्या गाड्या उभ्या असतात. जाताना ज्याच्या दुकानात माणूस कमी पडतोय तो भावकीत, ओळखीत जाऊन म्हणतो, पोरगं द्या. दुसऱ्याचं सोनं दिवसभर हातात असतं, त्यामुळे माणूस गावचाच लागतो. आणि नववी झालेला पोरगा त्यांना नेमका वाटतो. त्याला हिशेब येतो, काटा वाचता येतो, आणि उलट बोलायचं वय अजून आलेलं नसतं.

म्हणून जून महिन्यात दहावीचा वर्ग भरला की मागचे बाक मोकळे असायचे. नवीन आलेले शिक्षक विचारायचे, नववीचा फोटो कशाला? मॅडम म्हणायच्या, दहावीपर्यंत थांबलं तर फोटोत कोण राहणार?

फोटो चौकटीत बसवून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागायचे. प्रत्येकाच्या मागे एक कागद चिकटवलेला असायचा. त्यावर मॅडम नावं लिहायच्या, आणि जो गेला त्याच्या नावापुढे गावाचं नाव, पेन्सिलीनं. पेननं का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. खोडता यावं म्हणून, असं त्या म्हणाल्या होत्या. माझ्या माहितीत सोळा वर्षांत तीन-चारच नावांपुढचं खोडलं गेलं.

आम्रपाली होवाळ या मूळच्या वडूजच्या. संस्थेच्या शाळा सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांना पहिली नेमणूक बोरखिंडीला मिळाली आणि तिथेच त्या राहिल्या. गावात भाड्याची खोली होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली की त्या दुपारच्या एसटीनं वडूजला आईकडे जायच्या आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत यायच्या. आई, मुक्ताबाई, एकट्या. थोरला भाऊ कपिल पुण्यात. त्यानं नववीतच शाळा सोडली होती आणि गॅरेजमध्ये लागला होता, कारण तेव्हा घरातून एकालाच शिकवणं शक्य होतं आणि त्यानं बहिणीला पुढे केलं. हे मला बऱ्याच उशिरा समजलं. तोवर मला वाटायचं, मॅडमना नववीचीच एवढी काळजी का, दहावीची का नाही.

वडूजला किंवा जवळपास बदली मिळावी म्हणून त्या दरवर्षी अर्ज करायच्या. दरवर्षी जागा नसायची.

वर्गात त्या पुस्तकातलं शुद्ध बोलायच्या. पण राग आला किंवा फार बरं वाटलं की वडूजची बोली बाहेर यायची. एखाद्यानं अवघड गणित सोडवलं की म्हणायच्या, "झ्याक केलंस की रं." ते ऐकायला आम्ही गणितं सोडवायचो. यशराजला ते रोज ऐकायला मिळायचं, मला वर्षातून एकदा.

यशराज माझ्या शेजारी बसायचा. फोटोतही माझ्या शेजारीच आहे, दुसऱ्या पायरीवर, डावीकडून चौथा. त्याचा हात माझ्या खांद्यावर आहे आणि माझे डोळे मिटलेले आहेत.

त्या वर्षी, म्हणजे आम्ही नववीत असताना, मॅडमच्या मनात एक कल्पना आली. पोरांना गलाईच दिसते, तर शाळेतच गलाई आणावी. दहावीच्या पुस्तकात रासायनिक अभिक्रियांचा धडा असतो. एक धातू दुसऱ्या धातूला त्याच्या द्रावणातून बाहेर काढतो, हे त्यात येतं. आमच्या काका-मामांच्या दुकानांत रोज हेच चालतं. पोरांना कळलं की या कामामागे शास्त्र आहे आणि ते शास्त्र पुढे अकरावी-बारावीत, कॉलेजात आहे, तर ती थांबतील, असं मॅडमना वाटलं. त्यांनी आकाराम तात्यांना बोलावलं. तात्या कानपूरला तीस वर्षं भट्टीवर होते आणि आता गावी परतले होते. तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल हाताळून त्यांच्या बोटांची टोकं कायमची पिवळी पडली होती.

तात्या येताना मोडकं चांदीचं जोडवं घेऊन आले. धूर होणार म्हणून बाक बाहेर, लिंबाच्या झाडाखाली आणला होता. मॅडमनी आम्हाला वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उभं केलं. चंचुपात्रातल्या आम्लात जोडवं पडलं, बुडबुडे आले, तांबूस धूर निघाला, आणि हळूहळू जोडवं नाहीसं झालं. मग तात्यांनी त्यात तांब्याची पट्टी सोडली. थोड्या वेळानं पट्टीवर पांढरे केस उगवल्यासारखी चांदी धरू लागली आणि पाणी निळं होत गेलं. मॅडम विचारत होत्या, निळा रंग कशाचा? सगळ्यांच्या आधी यशराज म्हणाला, तांबं आता पाण्यात उतरलंय, चांदीची जागा त्यानं घेतली.

तात्यांना मजा वाटली. त्यांनी त्यांच्या धंद्यातलं गणित घातलं. अठरा कॅरेटचं चार ग्रॅम सोनं आलंय. एक भाग सोन्याला तीन भाग दुसरा धातू असल्याशिवाय तेजाब आतपर्यंत जात नाही. तर वरून चांदी किती घालायची? तात्या स्वतः बोटांची पेरं मोजत होते. यशराज म्हणाला, आठ ग्रॅम; सोनं तीन, त्याला नऊ हवेत, एक आधीच आहे. तात्यांनी पुन्हा पेरं मोजली आणि मॅडमकडे बघून म्हणाले की आपल्याला हे यायला दोन वर्षं लागली होती.

"झ्याक केलंस की रं," मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी त्या एवढ्या खूश होत्या की आम्हाला वाटलं, आता यशराजला कुणी हलवू शकत नाही.

जत्रेत पालखी थांबली होती तेव्हा तात्या पारावर बसून ही गोष्ट चारचौघांत सांगत होते. त्यांच्या मनात कौतुकाशिवाय काही नव्हतं. ऐकणाऱ्यांत उदयसिंह शेठ होते. त्यांचं तमिळनाडूत इरोडला दुकान. यशराजच्या वडिलांच्या ते लांबच्या नात्यातले. ते दुसऱ्याच दिवशी यशराजच्या घरी गेले. तयार पोरगा आहे, शिकवायची दोन वर्षं वाचतील, त्याला पहिल्या वर्षापासून भट्टीवर घेतो, असं म्हणाले. इतर पोरं पहिली दोन वर्षं झाडलोट आणि चहा यांत घालवतात, म्हणजे हा मोठा मानच होता.

फोटो काढून चार दिवस झाले होते. मी हे मॅडमना सांगायला गेलो तर त्या मला घेऊनच यशराजच्या घरी निघाल्या. त्याचे वडील हरिबा ओसरीत होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. थोरला बी. ए. झाला, त्याला पाच वर्षं झाली, पहाटे उठून भरतीसाठी पळतो, दिवसा अभ्यासिकेत बसतो, आणि आता वयाची अट संपत आलीय. धाकट्याला पण तसंच बसवू का? मॅडमनी बरंच सांगितलं. डिप्लोमा, शिष्यवृत्ती, वसतिगृह. हरिबा मान हलवत होते, पण ती मान नाही म्हणायलाच हलत होती.

यशराजची आई रंगुबाई दाराशी उभी होती. आम्ही उठलो तेव्हा तिनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

"मॅडम, तुमीच शिकीवलासा न्हवं त्येला ह्ये काम?"

परत येताना मॅडम माझ्या पुढे झपाझप चालत होत्या. शाळेपाशी आल्यावर मला म्हणाल्या, तू घरी जा. पुढच्या वर्षापासून तो प्रयोग बंद झाला. त्या तो धडा फळ्यावर शिकवायच्या.

मला कुणी मागितलं नाही, हेही इथं लिहून टाकतो. माझं तोंडी गणित कच्चं होतं. आमच्या भावकीत चार दुकानं आहेत, पण जत्रेत माझ्याकडे बघून कुणी आमच्या दारात आलं नाही. मी शाळेत टिकलो, डिप्लोमा केला, आता पलूसच्या एमआयडीसीत पंपाचे भाग मोजून पास-नापास करतो. लोक म्हणतात, विश्वजीतनं शिक्षण सोडलं नाही. खरं म्हणजे मला सोडवायला कुणी आलंच नाही.

जूनमध्ये शाळा भरली तेव्हा मॅडमनी यशराजचं नाव हजेरीपटावर ठेवलं होतं. रोज पुकारायच्या आणि गैरहजेरीची खूण करायच्या. दरम्यान त्यांनी त्याचा फोन नंबर मिळवला होता. रविवारी सराफकट्टा बंद असतो. दुपारी बाराला यशराज मोकळा असायचा. तो म्हणाला की दहावी करायची आहे. शेठ म्हणाले होते, काम सांभाळून काय ते कर.

बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्यासाठी आधी शाळा सोडल्याचा दाखला काढावा लागतो. म्हणजे त्याला परीक्षेला बसवायचं तर आधी त्याचं नाव पटावरून कमी करायला हवं. पट आधीच कमी होता. अजून दोन-तीन नावं गेली असती तर वर्गाचं आणि पर्यायानं मॅडमच्या जागेचंही अवघड झालं असतं. मुख्याध्यापक म्हणाले की पोरगा आलाय असं दाखवू, कशाला गडबड करता. मॅडम म्हणाल्या, तो आलेला नाही. त्यांनी पट्टी ठेवून त्याच्या नावावर लाल रेघ मारली. मी त्या वेळी फळा पुसत होतो. रेघ मारल्यावर पट्टी उचलायला त्यांना वेळ लागला.

मग रविवारचे तास सुरू झाले. वडूजच्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर रेंज चांगली यायची. मॅडम फोन तिथे उभा करायच्या, पुस्तक उघडायच्या आणि तासभर शिकवायच्या. मुक्ताबाईंचं तेव्हा म्हणणं असायचं, "एक दिस तरी शाळा घरात आणू नगं. पोरं जात्यात गं. तुझा भाऊबी गेलाच की." मॅडम पुस्तकाचं पान उलटायच्या.

त्याच पावसाळ्यात त्यांच्या बदलीचा कागद आला. वडूजपासून आठ किलोमीटरवरच्या शाळेत विज्ञानाची जागा रिकामी झाली होती. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं होतं. मॅडमनी दोन दिवस कागद पर्समध्ये ठेवला आणि तिसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं. मुख्याध्यापकांना त्यांनी कारण दिलं की वर्ष मध्यावर आलंय, दहावीचं नुकसान होईल. आम्हाला खरं कारण माहीत होतं. यशराजचा फॉर्म आमच्या शाळेतून भरला होता. परीक्षेला तो आला की त्याची तोंडी, प्रात्यक्षिकं, सराव हे सगळं बोरखिंडीलाच होणार होतं. तेव्हा त्या तिथे असायला हव्या होत्या.

फेब्रुवारीच्या शेवटी यशराज मिरजेला उतरला आणि तिथून एसटीनं गावी आला. उंच झाला होता. बोटांची टोकं पिवळी होती, तात्यांच्यासारखी. त्याला पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली होती. गलाईत सुट्टी वर्षातून एकदा, जत्रेची. ती त्यानं परीक्षेसाठी वापरली होती, म्हणजे यंदा जत्रेला येणं नाही. केंद्र विट्याला होतं. आम्ही दोघं माझ्या चुलत्याच्या मोटरसायकलवर जायचो. मराठी झालं, हिंदी झालं, इंग्रजी त्याला जरा जड गेलं. गणिताचे दोन्ही पेपर त्यानं वेळेच्या आधी संपवले. आता परवा विज्ञान.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. त्याची पिशवी भरलेली होती. पंधरा दिवस संपले होते. परीक्षा तीन आठवड्यांची आहे हे त्यानं शेठना सांगितलंच नव्हतं. महिन्याची सुट्टी मागितली असती तर एक दिवसही मिळाली नसती. एकदा गावी पोचलो की फोनवर समजूत घालू, असा त्याचा अंदाज होता. पण दुकानातला दुसरा माणूस वडील वारल्यामुळं गावी आला होता आणि शेठ एकटे पडले होते. शेठ चिडले नव्हते, उलट मऊ आवाजात म्हणाले होते की परक्या माणसाच्या हातात लोकांचं सोनं कसं देऊ, तूच सांग.

मी म्हणालो, मॅडमना भेटून तरी जा. तो म्हणाला, "न्हाई गड्या. त्या थांब म्हणाल्या तर मी थांबंन."

विज्ञानाच्या दिवशी, सोमवारी सकाळी, परीक्षा केंद्राच्या फाटकाशी मॅडम उभ्या होत्या. वडूजहून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. हातात दह्याची वाटी होती, झाकण लावलेली. मी एकटाच मोटरसायकलवरून उतरलो. यशराज गेला, असं मी सांगितलं. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, तू खा, तुझाही पेपर आहे. मला त्या पेपरात बरे गुण पडले. ते दह्यानं नाही, तरी मला अजून ती वाटी आठवते.

त्यानंतरच्या रविवारी बारा वाजता त्यांचा फोन वाजला. यशराज होता. त्यानं माफी मागितली नाही, त्यांनीही विचारलं नाही. तो म्हणाला, आज कुठला धडा? आणि त्यांनी धडा घेतला. हे मला मॅडमनीच पुढे सांगितलं. त्या म्हणाल्या, मी काय करायला पाहिजे होतं, ते मला अजून समजलेलं नाही.

गुणपत्रिकेत विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांपुढे गैरहजर असं आलं. जुलैत पुन्हा बसता आलं असतं. त्यासाठी पुन्हा यावं लागलं असतं. पुढच्या मार्चला त्यानं बघू म्हटलं, त्याच्या पुढच्या मार्चलाही. कोरोनाच्या साली तर परीक्षाच झाली नाही आणि सगळे पास झाले. त्या वर्षी त्यानं फॉर्म भरला नव्हता. नुसता भरला असता तरी पास झाला असता, असं मॅडम म्हणतात, आणि म्हणताना हसतात, पण ते हसणं लवकर संपतं.

रविवारचा तास मात्र चालू राहिला. एक पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्या धड्यापासून. मधे मधे महिनाभर खंड पडायचा, मग पुन्हा फोन यायचा. शेठनी त्याला आता इरोडलाच दुसरं दुकान काढून दिलंय, भागीदारीत. तिथले कामगार त्यालाच शेठ म्हणतात.

गेल्या वर्षी बोरखिंडीच्या वर्गांचा पट इतका घटला की मॅडम अतिरिक्त ठरल्या आणि संस्थेनं त्यांना वडूजकडच्या शाळेत पाठवलं. तीच शाळा, जिला त्यांनी पूर्वी नको म्हटलं होतं. निघताना भिंतीवरचा एकही फोटो त्यांनी नेला नाही. ते शाळेचे आहेत, म्हणाल्या.

यंदा जत्रेच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून गावी गेलो आणि सकाळी शाळेत गेलो. नवीन सरांना रिवाज माहीत नव्हता. मी त्यांची परवानगी घेतली, नववीच्या पोरांना पायऱ्यांवर उभं केलं आणि मोबाइलवर फोटो काढला. अकरा जण. तिसरी पायरी रिकामीच राहिली. पलूसला त्याची मोठी प्रत काढून घेतली आणि जत्रेनंतरच्या दुसऱ्या रविवारी वडूजला मॅडमच्या घरी गेलो.

मुक्ताबाईंनी चहा दिला. मॅडमनी फोटो मांडीवर घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. सगळी पोरं त्यांनी आठवीपर्यंत शिकवलेली होती. मग त्यांनी विचारलं, यातली गेली किती. मी म्हणालो, दोघं. एक कोइमतूरला गेला. जयराज कुठं गेला ते कळलं नाही, त्याच्या घराला कुलूप होतं. त्यांनी बोट ठेवून जयराज शोधला. पहिल्या पायरीवर, उजव्या टोकाला, शर्टाचं वरचं बटण तुटलेला.

"तोंडी गणित त्याचं पक्कं होतं," त्या म्हणाल्या.

बारा वाजले आणि फोन वाजला. मॅडमनी तो खिडकीत उभा केला. यशराजचा आवाज आता जाड झालाय. त्यानं आधी मुक्ताबाईंची तब्येत विचारली, मी आलोय म्हटल्यावर मला दोन शिव्या दिल्या, आणि म्हणाला की आज तिसरा धडा घ्या, जत्रेच्या आधी तिथंच थांबलो होतो. मॅडमनी विचारलं की चांदीच्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडल्यावर पाणी निळं का होतं. हा प्रश्न त्या त्याला दरवर्षी विचारतात, त्याला आवडतो म्हणून.

यशराज बोलायच्या आधी मागून एक फाटलेला, वयात येणारा आवाज आला.

"तांबं पान्यात उतारतं म्हणून."

मॅडम खिडकीकडे वळल्या. "कोण बोललं?"

मग यशराज म्हणाला, "नवीन पोरगं हाय. आपल्या बोरखिंडीचंच."

"जयराज?"

"व्हय, मॅडम."

"तू नेलास?"

"त्येचा बा मागं लागला हुता. मी न्हाई म्हटलं असतं तर दुसऱ्यानं नेला असता."

हे खरं होतं आणि आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मुक्ताबाईंनी उगाच कपबशा उचलल्या. मॅडम फोटोकडे बघत होत्या. मला वाटलं, आता त्या फोन ठेवतील. मी यशराजच्या जागी असतो तर लाजून मीच आधी ठेवला असता.

"यशराज, तुला पंधरा दिवस मिळाले होते," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"ह्याला किती देणार? शेठ आता तूच हाईस."

तो म्हणाला, "तुमी सांगाल तेवढी."

"पुरा महिना. शेवटचा पेपर होईस्तोवर. आणि जत्रेची सुट्टी वेगळी."

"देतो."

"शब्द दिलास बघ."

"दिला, मॅडम."

मग मॅडमचा आवाज बदलला. कोरोनाच्या सालापासून त्या हे विचारणं टाळत होत्या, निदान माझ्यासमोर तरी. त्या म्हणाल्या की फॉर्म सुटले की दोन भरू. तुझं फक्त विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं राहिलंय. दोघं मिळून या, एका गाडीनं.

फोनमधून गल्लीतल्या कुठल्या तरी भाषेतली हाक ऐकू आली, मग ती लांब गेली.

"दोघंबी आलो तर भट्टीवर कोण, मॅडम? गावचं तिसरं माणूस न्हाई हितं." मग तो म्हणाला, "त्येला धाडतो."

मॅडमनी फोटो उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं जयराजचं नाव लिहिलं आणि पुढे इरोड. अगदी हलक्या हातानं, कागदावर उमटेल न उमटेल असं. मग जयराजला विचारलं, पुस्तक आहे का. तो नाही म्हणाला. यशराज म्हणाला की माझंच देतो, तसंच्या तसं हाय.

"आणि तू?"

"मी बसतो की ऐकत."

नवीन विद्यार्थी होता म्हणून मॅडमनी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यांनी विचारलं की वर फेकलेला दगड परत खाली का येतो. पलीकडून जयराज पुस्तकाची पानं उलटताना ऐकू आला. यशराजनं उत्तर त्याच्यावरच सोडलं. त्याला स्वतःला ते येत होतं. मॅडम खिडकीशी थांबून राहिल्या.